तोरणाखालची खुर्ची

झडतीचा राग धरायचा नसतो. आमच्या सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. पोळ्याच्या दिवशी गावातल्या सगळ्या बैलजोड्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात. तोरण तुटायच्या आधी माणसं पुढं येऊन झडत्या म्हणतात. चार ओळींची तुकबंदी असते आणि तिच्यात कुणाची तरी खोड काढलेली असते. पाटील, पटवारी, भटजी, दुकानदार, कुणी सुटत नाही. शेवटी सगळा गाव बैल हाकायच्या काठ्या वर करून ‘हर बोला, हर हर महादेव’ असा ओरडतो, आणि ज्याची खोड निघाली तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो. एका वर्षी पाटलावर कुणी झडतीच म्हटली नाही, तर पाटील कितीतरी दिवस फुगून बसले होते. ज्याच्यावर झडती नाही त्याची गावात पत नाही, असा आमच्याकडचा न्याय.

माझ्या नातीला त्या एका पोळ्याची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "आजी, पण त्या साहेबाला खुर्ची द्यायची गरजच काय होती?" गरज! अगं बाई, मान दिला होता आम्ही त्याला. आमच्याजवळ होता तेवढा सगळा मान दिला होता.

माझं माहेर पांढुर्ण्याचं, बाबा शाळामास्तर. सासर रामाकोन्याजवळच्या एका खेड्यातलं. घरी कपाशी, संत्र्याची बाग, दोन बैलजोड्या. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते आणि मला दिवस गेले होते. ते वर्ष राज्यं नव्यानं मांडायचं. तोवर नागपूर आमची राजधानी होती. कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं नागपूर. छोटी रेल पकडली की झालं. आता नागपूर मुंबईकडं जाणार आणि आमचा तालुका भोपाळकडं राहणार, असं दिल्लीत ठरलं. आम्हाला कुणी विचारलं? डोंबल विचारलं! माणसं ओट्या-ओट्यावर बसून बोलत. कुणी म्हणे बरं झालं, कुणी म्हणे वाट लागली. सौसरला, मोहगावला सभा व्हायला लागल्या, आणि मग एक दिवस कोतवालानं दवंडी दिली, की सभा बंद, मिरवणूक बंद, घोषणा बंद, पाचांहून जास्त माणसांनी एका जागी जमायचं नाही.

पोळा तोंडावर आला होता. पोळ्याचा पहिला मान आमच्या घराचा, म्हणून मामाजी, माझे सासरे, स्वतः सौसरला गेले. तिथं तालुक्याच्या कचेरीत एक नवे साहेब बदलून आले होते. तरुण, गोरे, बोलायला फार गोड. मामाजींनी हात जोडून विचारलं, पोळा भरवायचा की नाही? साहेब म्हणाले, "त्योहार है, ज़रूर मनाइए. हम भी आएँगे." मामाजी घरी आले ते छाती फुगवूनच. साहेब स्वतः पोळ्याला येणार! बायांनी आखर शेणानं सारवून काढला. शाळेतली हातांची खुर्ची उचलून आणली, गावात तेवढी एकच होती. ती मधोमध, ऐन तोरणाखाली मांडली.

त्या दिवशी सकाळी हे, म्हणजे माझे मालक, नदीवर बैल धुऊन आले ते गुणगुणतच. आसपासच्या चार गावांत ह्यांच्यासारखा झडती म्हणणारा नव्हता. मी पुरण वाटत होते. चुलीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "ऐक वं, साहेबावर केली." मी ऐकली आणि हसता हसता पाट्यावरून हातच घसरला. सासूबाई म्हणाल्या, "अवं, पुरणात केस पडंन, हसू नको येवढी." त्याही हसत होत्या.

साहेब आले. सोबत दोन शिपाई. पुरणपोळी खाल्ली, वरून तूप घेतलं, बैलांच्या शिंगांचं बेगड पाहून वाहवा केली. आम्ही बाया लांब लिंबाखाली उभ्या होतो. झडत्या सुरू झाल्या. पटवाऱ्याची झाली, दुकानदाराची झाली. मग माणसं ह्यांना पुढं ढकलायला लागली. "साहेबावर होऊन जाऊ दे! साहेब का कोरडा जाईन?" पाहुण्याला झडतीशिवाय परत धाडायचं म्हणजे त्याचा अपमान. हे पुढं झाले, मुंडासं सारखं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले:

दिल्लीवरून आली सुरी, संत्र्याच्या केल्या फोडी,
नागपूरची फोड गोड, गेली मुंबईच्या गाडी;
आमच्या वाट्याला आल्या बिया, तोंड झालं कडू,
साहेब म्हणते चूप बसा, हसू नका ना रडू!

आणि मग जे काय ओरडले लोक! सगळ्या काठ्या आभाळात. बैल बिचकले, घुंगरं वाजली, मामाजींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. साहेबही हसले. पान खाल्लं. मग ह्यांच्याकडं पाहून शेजारच्या माणसाला विचारलं, "बहुत अच्छा बोलता है. नाम क्या है इसका?" सगळ्या गावानं कौतुकानं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. आमचं घर कोणतं तेही बोट करून दाखवलं.

मला तेव्हाच काही खटकलं, असं मी म्हणणार नाही. काही खटकलं नाही. मी खुशीत होते. नवऱ्याची तारीफ झाली की कोणती बाई खुशीत नसते?

त्याच आठवड्यात सकाळी दोन शिपाई दारात आले. बोलले फार अदबीनं. साहेबांनी याद केलंय, चला. घरात धांदल उडाली. हे धुतलेलं धोतर नेसले. सासूबाई म्हणाल्या, मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये. म्हणून शेतातली मक्याची कोवळी कणसं फडक्यात बांधून दिली. ते गाठोडं खांद्यावर टाकून हे शिपायांच्या मधून चालत गेले. कोपऱ्यावर वळताना मागं पाहून हसले. पारावरची माणसं म्हणाली, आता साहेब बक्षीस देते.

दिवे लागायच्या सुमारास कोतवाल आला. ओट्यावर चढला नाही, खालीच उभा राहून म्हणाला, "दादा, त्यायले कोठडीत टाकलं. शांतता भंगाचं कलम लावलं म्हन्ते." सासूबाईंनी विचारलं, "अन् कणसं?" घाबरलेलं माणूस काय विचारेल त्याचा नेम नाही. कोतवाल म्हणाला, "कणसं घेतली साहेबानं."

बाबांना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनंच ते पांढुर्ण्याहून आले. मला वाटलं होतं, बाबा घाबरलेले असतील. ते तर उलट तरतरीत होते. घटना लागू झाली तेव्हा मी परकर नेसणारी पोर होते. बाबांनी आम्हा भावंडांना ओळीनं बसवून समजावून सांगितलं होतं, आणि पुढं दर वर्षी वर्गात सांगत, की आता ह्या देशात कोणी कोणाला उगाच उचलून नेऊ शकत नाही. नेलं तर कारण सांगावं लागतं, आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. देवाचा अंगारा लावावा तशा भक्तीनं ते हे सांगत. त्या दिवशीही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नको. साहेब किती का मोठा असंना, मॅजिस्ट्रेटपुढं त्याले उत्तर द्याच लागते. चोवीस तास, बस."

आम्ही सौसरला गेलो. बाबा, मामाजी आणि मी, डब्यात भाकर-ठेचा घेऊन. ह्यांना आणून उभं केलं. एका दिवसात दाढी वाढलेली, धोतराला माती. मग पट्टेवाल्यानं आरोळी दिली, सगळे उठले, आणि मॅजिस्ट्रेट येऊन खुर्चीवर बसले.

तेच साहेब.

तेव्हा तसंच असायचं. तालुक्याचा कारभार पाहणारा साहेब तोच मॅजिस्ट्रेट. सकाळी हुकूम काढायचा आणि दुपारी त्याच हुकमाचा न्याय करायचा. हे बाबांनाही ठाऊक होतं. ठाऊक असतं आपल्याला सगळं, पण आपल्यावर आल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही. बाबा उभे राहून काही बोलणार, तेवढ्यात साहेबांनीच त्यांना ओळखलं; बाहेर शिपायाशी चाललेलं बाबांचं बोलणं आत पोचलं असावं. "मास्टरजी, चौबीस घंटे अभी हुए नहीं हैं. घड़ी देख लीजिए." आणि बाबांनी खरंच खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. माझे बाबा! मला इतका संताप आला की तो डबा उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावा.

आरोप वाचला. बंदी असताना जमाव जमवला, जमावाच्या हातात काठ्या होत्या, शासनाविरुद्ध घोषणा दिल्या. पोळ्याचं नाव कुठंच नव्हतं, बैलही नव्हते, पुरणपोळी तर नव्हतीच. साहेब म्हणाले, "कोई सज़ा नहीं है. मुचलका लिख दो कि साल भर किसी जमाव में नहीं बोलूँगा. गाँव के दो लोग ज़ामिन रहें. दस्तख़त करो, घर जाओ." आवाज तोच गोड.

हे म्हणाले, "साहेब, तुमीनं पोळी खाल्ली ना आमच्या इथं? मंग? पोळ्यात बोलायची माफी मागू, तं उद्या जेवायची मागा लागंन."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि पुढची तारीख दिली.

हल्ली टीव्हीवर संध्याकाळी माणसं भांडतात. काय बोललेलं चालतं, काय बोललं की गुन्हा, कोणतं कलम मोठं आणि कोणतं लहान. मी समोर बसून ऐकते, ऐकू येतं तेवढं. सगळे कलमं सांगतात. मला मेलं एकच विचारावंसं वाटतं, की बाबांनो, ऐकून घ्यायला खुर्चीवर कोण बसलंय ते आधी सांगा.

कोठडीच्या गजापाशी मला जरा वेळ बोलू दिलं. मी म्हणाले, "करून टाका ना सही. येवढं काय धरून बसले? कोण पाहून राहिलं?"

हे म्हणाले, "मी पाहून राहिलो ना वं."

मला त्यांचा राग आला. अभिमानही वाटला, पण राग जास्त. पोटात पोर, घरी म्हातारी माणसं, आंबिया बहाराची संत्री झाडावर रंग धरून राहिलेली, आणि ह्यांना सहीची पडलेली! डबा आत सरकवला आणि निघून आले. वाटभर रडले.

बाबा हटले नाहीत. छोटी रेल पकडून नागपूरला गेले, ओळखीतून एका मोठ्या वकिलाला भेटले. वकील भला माणूस. सगळं ऐकून म्हणाला, "मास्तर, अर्ज आज टाकतो इथं हायकोर्टात. पण नोव्हेंबरात तुमचा तालुका ह्या कोर्टाखाली राहत नाही. कागद जातील जबलपूरच्या हायकोर्टाला, कधी पोचतील ते मी सांगू शकत नाही. तुमच्या जावयाचा हक्क आहे हो, शंभर टक्के आहे. फक्त तो मागायचा कुठं, हेच सध्या ठरून राहिलंय." बाबा परत आले ते म्हातारे होऊनच. रात्री जेवले नाहीत. पाटावर बसून एवढंच म्हणाले, "सगळं नियमानं चाललंय गं. एक नियम त्यानं मोडला नाही."

ते ऐकून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. चोर-दरोडेखोराची भीती वेगळी असते. तो गेला की दार उघडता येतं.

मग शिपाई गावात यायला लागला. पारावर बसायचा, चहा प्यायचा, ख्यालीखुशाली विचारायचा. पोळ्याला कोण कोण होतं? काठी कुणी वर केली? सहज म्हणून. हळूहळू एकेकाच्या नावानं समन्स निघालं. काठी प्रत्येकानंच वर केली होती, तेव्हा सुटणार कोण? माणसं न्याहारी बांधून सौसरला जायची आणि तसल्याच मुचलक्यावर सही नाहीतर अंगठा करून परत यायची. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. पाटील गेले. किराणा दुकानदार तर आपण होऊन गेला. शेवटी मामाजींना बोलावणं आलं. ते परत आले आणि सरळ विहिरीवर गेले. अंगठ्याची शाई विटकरीच्या तुकड्यानं घासत बसले, कातडं सोलेपर्यंत. सासूबाईंनी हात धरून घरात आणलं.

आमच्या ओट्यावर बसायला माणूस येईना. मी विहिरीवर गेले की बायांचं बोलणं थांबे. एक जण तर तोंडावरच म्हणाली, "तुमचे हे चूप बसले असते, तं गावावर हे आलं नसतं." मी घागर दणकन खाली ठेवली. म्हणाले, "अन् होऊन जाऊ दे, होऊन जाऊ दे म्हणून ढकललं कोणी? तुह्याच नवऱ्यानं ना? पाठीत हात होता त्याचा!" तिनं इकडंतिकडं पाहिलं, रिकामी घागर उचलली आणि पाणी न भरताच चालती झाली. मी भांडायला उभी होते आणि समोर कुणी नव्हतं. भांडण तरी करायचं होतं हो माझ्याशी.

दिवाळी आली आणि गेली. नोव्हेंबरात राज्य बदललं. गावाला काही कळलंही नाही, फक्त सौसरच्या कचेरीवरची पाटी नवी झाली म्हणतात. अधिकाऱ्यांची वाटणी झाली, त्यात ते साहेब दुसरीकडं गेले. नव्या माणसाला ह्या प्रकरणात काही राम दिसला नसावा. एका दुपारी ह्यांना कोठडीतून काढलं आणि सांगितलं, जा. निकाल नाही, कागद नाही, चूक झाली हा शब्द नाही. नागपुरातला अर्ज कुठं गेला ते आजवर कुणाला माहीत नाही.

मी अंगणात संत्री निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी ह्यांचा आवाज आला. तोच, खणखणीत. "माय! अवं माय! नाही केली सही! नाही केली!" वाळून काटकी झाले होते, पण चेहरा असा, की कुस्ती मारून आले. गल्लीतल्या घरांची दारं अर्धी उघडी होती, ती तशीच राहिली. कुणी बाहेर आलं नाही. सासूबाई धावत गेल्या. मला वाटलं, पोराला पोटाशी धरतील. त्यांनी पदराचा बोळा करून ह्यांच्या तोंडावर दाबला, दंडाला धरून आत ओढलं आणि दाराची कडी लावली. मग रडल्या, पण पदर तोंडात कोंबून.

त्यानंतर आमच्या घराला दार लावायची सवय लागली. आधी आमचं दार दिवसभर सताड उघडं असे, कोंबड्या आत-बाहेर करत. आता हे जेवताना सहज गमतीत काही बोलले, पटवाऱ्याचं नाव निघालं, कुणाची नक्कल सुरू झाली, की सासूबाई ताटावरून उठायच्या, दार लावायच्या आणि परत येऊन म्हणायच्या, "हं, आता बोल." ह्यांचं बोलणं तिथंच थांबे. असं किती वेळा करणार? हळूहळू हे कामापुरतंच बोलायला लागले. कोठडीत ज्यानं सही केली नाही, त्याला घरात आम्ही गप्प केलं. मामाजी तर बैलांना हाकतानाही आवाज चढवत नसत.

माझा मोठा त्या घरात जन्मला, त्याच घरात रांगला, बोलायला लागला. शांत पोर. आल्यागेल्याला वाटे, किती गुणाचं लेकरू, आवाज नाही त्याचा. मलाही बरं वाटायचं.

तो तीन वर्षांचा असेल. बाबांची तोवर दूरच्या शाळेत बदली झाली होती, ते फार दिवसांनी भेटायला आले. भर दुपार होती, दार उघडं होतं, अंगणात ऊन पडलं होतं. बाबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "काय रे राजा, काय जेवला आज?"

पोरानं दाराकडं पाहिलं. मांडीवरून खाली उतरला. दोन्ही हातांनी ढकलत ढकलत दार लावून घेतलं. परत येऊन बाबांच्या मांडीवर चढला, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू सांगितलं, "भात."